भिवंडी–पॅरिस, मार्गे लंडन

काही महिन्यांपूर्वी भिवंडीतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकणाऱ्या मुलीची फ्रेंचची वही आमच्या पाहण्यात आली. वही नीटनेटकी होती. प्रत्येक पानावर तीन रकाने. पहिल्यात फ्रेंच शब्द, दुसऱ्यात त्याचा इंग्रजी अर्थ आणि तिसऱ्यात, 'उच्चार' या मथळ्याखाली, वर्गात सांगितलेला उच्चार इंग्रजी अक्षरांत. पहिल्याच ओळीत फ्रेंच माणसाचा नमस्कार होता आणि त्याचा उच्चार 'बॉनजोर' असा नोंदवलेला होता. त्या ओळीच्या समासात मुलीने शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरांत, उर्दूत काहीतरी लिहिले होते. बे, वाव, नून ग़ुन्ना. थोडी जागा सोडून झ़े, वाव. आणि शेवटी आधी 'रे' काढून, तो खोडून, 'ग़ैन'. म्हणजे 'बोँ झ़ूग़'. भावाच्या मोबाइलवर तिने एका फ्रेंच बाईच्या तोंडून तो शब्द ऐकला होता आणि जसा ऐकला तसा, दादीने शिकवलेल्या क़ायद्यातल्या अक्षरांत, टिपून ठेवला होता. त्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ होती आणि खाली इंग्रजीत शेरा: या वहीत इतर भाषा लिहू नये.

वाचकहो, त्या पानावर त्या शब्दाच्या खऱ्या उच्चाराच्या जवळ जाणारी नोंद एकच होती, आणि नेमकी तीच खोडली गेली होती.

ज्या बाईंनी ती रेघ ओढली त्यांच्यावर आमचा रोष नाही. त्यांना जसे शिकवले गेले तसे त्या शिकवतात. आमचा रोष आहे तो त्या रेघेमागच्या समजुतीवर. आपल्याकडे परदेशी भाषा लहान मुलांना शिकवताना असे गृहीत धरले जाते, की मुलाच्या घरची भाषा ही वर्गाबाहेर पायताणांसारखी काढून ठेवायची वस्तू आहे आणि फ्रेंचकडे जाणारा एकमेव राजमार्ग इंग्रजीतून जातो. एसटीच्या पाटीवर गावाच्या नावाखाली 'मार्गे' म्हणून दुसऱ्या गावाचे नाव असते. आपल्या शाळांतल्या फ्रेंचच्या पाटीवर 'भिवंडी–पॅरिस, मार्गे लंडन' असे लिहायला हरकत नाही. हा वळसा आहे, आणि या वळशात भाषा हरवते, असे आमचे म्हणणे आहे. एवढेच नव्हे, तर भिवंडीच्या मुलाच्या कानात आणि तोंडात फ्रेंचसाठी लागणारी सामग्री बरीचशी तयार असते आणि शाळा ती मोडीत काढते, असा आमचा आरोप आहे.

आधी एका अपेक्षित आक्षेपाचा समाचार घेऊ. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणाऱ्या मुलांना फ्रेंच कशाला, असे विचारणारे सद्गृहस्थ आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्यांत मराठीचे कैवारी आहेत, तसे उर्दूचेही आहेत. या प्रश्नात काळजी कमी आणि तुच्छता जास्त आहे, असे आम्हांला वाटते. मलबार हिलच्या मुलाने फ्रेंच घेतले तर तो संस्कार, आणि भिवंडीच्या मुलाने घेतले तर ते थेर! खरे तर या गावाला फ्रेंच शब्द परका नाही. 'जॅकार्ड' हा शब्द मागावरच्या कारागिराला ठाऊक असतो. लियाँ शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डने 1804 च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारी यंत्रणा सिद्ध केली, तिचे हे नाव. पण त्या माणसाच्या गावात त्याला 'झ़ाकार' म्हणत. शेवटचा 'ड' लिहिला जाई, बोलला जात नसे. तो 'ड' इंग्रजीने बोलका केला आणि आपण तसाच स्वीकारला. म्हणजे फ्रेंच भिवंडीत आधीच पोहोचली आहे, तीही मार्गे लंडन.

आता उच्चारांकडे वळू. इंग्रज माणूस आपला 'टी' दातांना जीभ न लावता वरच्या हिरडीशी उच्चारतो. तो आपल्या कानाला 'ट'सारखा ऐकू आला आणि इंग्रजी शब्दांतले सगळे 'टी' आपण 'ट' केले, सगळे 'डी' 'ड' केले. इंग्रजीपुरते ते ठीक होते. पण फ्रेंच 'टी' हा दंत्य आहे. तो आपला 'त' आहे. फ्रेंच 'डी' हा आपला 'द' आहे. इंग्रज माणूस शब्दाच्या आरंभीचे 'पी', 'टी', 'के' थोडी हवा सोडून, महाप्राणाकडे झुकवून बोलतो. फ्रेंच माणूस तसे करत नाही. त्याचे 'प', 'त', 'क' आपल्या 'प', 'त', 'क' इतकेच कोरडे असतात. लंडनच्या मुलाला फ्रेंच शिकताना जी सवय प्रयत्नाने मोडावी लागते, ती मराठी, उर्दू, तेलुगू बोलणाऱ्या मुलाला मुळात नसतेच. आणि आपण काय करतो? त्या मुलाला आधी 'ट' शिकवतो आणि मग पुढे कधीतरी, एखाद्या महागड्या वर्गात, 'ट' विसरायला शिकवतो.

हा भेद आपल्या भाषेच्या शब्दसंग्रहातच नोंदलेला आहे. एकच लॅटिन कुळातला शब्द मराठीत दोन वाटांनी आला. पोर्तुगीजांकडून आला तो 'इस्पितळ' झाला, इंग्रजांकडून आला तो 'हॉस्पिटल' झाला. पहिल्यात 'त', दुसऱ्यात 'ट'. 'पाद्री', 'इस्त्री', 'फीत' हे शब्दही पोर्तुगीजांकडचे, आणि तेही दंत्यच. (बटाट्याने मात्र आमचा सिद्धान्त पाळला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.) थेट ऐकून घेतलेल्या शब्दात आपला कान सहसा चुकत नाही. चुकतो तो मध्यस्थ आल्यावर.

साहित्याच्या अभ्यासकांनी हाच निकष आपल्या टिपणवह्यांना लावून पाहावा. इंग्रजी इतिहासग्रंथांतून आलेले 'व्हॉल्टेअर' आणि 'माँटेस्क्यू' आजही 'ट' घेऊन वावरतात. पण 'सार्त्र' आणि 'बोदलेअर' लिहिताना मराठी समीक्षकांच्या हातून 'त' आणि 'द' पडले, ते योग्यच पडले. त्याच वेळी ज्या समीक्षकाच्या नावाने आपण लेखकाचा मृत्यू जाहीर करत असतो त्याला मात्र आपण 'बार्थ' म्हणतो. फ्रेंचमध्ये 'टी' आणि 'एच' मिळून 'त'च होतो, म्हणजे ते गृहस्थ 'बार्त'. 'कामू' हे नाव देवनागरीत लिहिता येतच नाही, कारण त्याच्या शेवटचा स्वर आपल्याकडे नाही. त्याची गोष्ट पुढे येईलच. सांगायचे ते इतकेच, की सहावीतल्या मुलीच्या वहीतला प्रश्न हा पदव्युत्तर वर्गातल्या प्राध्यापकाचाही प्रश्न आहे.

आता भिवंडीचे विशेष. या शहरात आणि आसपास मराठी आहे, गावांतली आगरी बोली आहे, कोकणी मुसलमानांची बोली आहे, उर्दू आहे, पद्मनगरातली तेलुगू आहे, उत्तरेकडून मागांवर आलेल्या कामगारांच्या हिंदी बोली आहेत. शाळेच्या दृष्टीने हा गोंधळ असतो. ध्वनींच्या दृष्टीने पाहिले तर हे भांडार आहे. फ्रेंचचे अनुनासिक स्वर इंग्रजीतून शिकवणे फार अवघड, कारण इंग्रजी लिपीत ते दाखवायला 'एन' लिहावा लागतो आणि मूल तो 'न' मोठ्याने म्हणते. उर्दूत नून ग़ुन्ना हे वेगळे अक्षरच त्यासाठी आहे. 'माँ', 'हाँ', 'कहाँ' म्हणणारे मूल नाकातून स्वर काढते आणि 'न' म्हणत नाही. प्रमाण मराठीने हे स्वर बव्हंशी गमावले, पण कोकणीत आणि चित्पावनी बोलीत ते आजही ऐकू येतात. फ्रेंच 'जे' हा 'ज' नव्हे आणि मराठी 'झ'ही नव्हे. तो उर्दूतला 'झ़े' आहे. हे अक्षर उर्दूत विरळ आणि बोलताना अनेकजण त्याचा 'ज़' करतात, हे खरे. पण अक्षर क़ायद्यात आहे, त्याचा स्वतंत्र आवाज आहे असे मुलाला सांगितले गेलेले असते, आणि ओळख तेवढ्याने होते. फ्रेंच 'आर' हा जिभेच्या टोकाने थरथरणारा आपला 'र' नाही. तो घशात, पडजिभेजवळ घासून निघतो. 'ग़ज़ल' आणि 'बाग़' नीट म्हणणाऱ्याच्या घशात तो अगदी शेजारच्या घरात राहतो. त्या मुलीने 'रे' खोडून 'ग़ैन' लिहिले, ते उगीच नव्हे. तिचा कान तिच्या पाठ्यक्रमाच्या पुढे होता.

सगळेच तयार मिळते असा आमचा दावा नाही. 'कामू'च्या शेवटचा स्वर ना मराठीत, ना उर्दूत. पण तो शिकवायलाही इंग्रजी लागत नाही. जीभ 'ई'च्या जागी ठेवा आणि ओठ 'ऊ'साठी करतात तसे गोल करा. मुलांना हा खेळ वाटतो. जीभ 'ए'ची आणि ओठ 'ओ'चे केले, की आणखी एक फ्रेंच स्वर हाती येतो. हे सांगायला ज्या परिभाषेची गरज आहे ती आपल्या बालवाडीच्या भिंतीवर टांगलेली असते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशा क्रमाने लावलेली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. आपल्या शिक्षा आणि प्रातिशाख्य ग्रंथांनी तो काढला. पुढे 1886 मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासी आणि काही भाषाशिक्षकांनी उच्चारशिक्षणासाठी जी संस्था स्थापली, तिच्यातूनच आजची आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी निघाली. परदेशी भाषेचा उच्चार मुलांना स्पेलिंगच्या आधी शिकवावा, हा त्या शिक्षकांचा आग्रह होता. फ्रेंच शिक्षकांना सव्वाशे वर्षांहून आधी जे कळले ते आपण विसरलो, आणि आपल्या पूर्वजांनी काढलेला नकाशा 'क कमळाचा' म्हणत भिंतीला लावून ठेवला.

लेखनाची कथा याहून उद्बोधक आहे. फ्रेंचमध्ये अक्षरे फार आणि आवाज थोडे, ही तक्रार जगजाहीर आहे. आपल्या शाळांत यावर एक तोडगा रूढ आहे. शब्दाच्या शेवटची व्यंजने बोलू नयेत, अपवाद सी, आर, एफ आणि एल. आणि हे अपवाद लक्षात ठेवायचे तर 'केअरफुल' हा इंग्रजी शब्द आठवावा! म्हणजे फ्रेंच वाचण्याची किल्लीसुद्धा इंग्रजी शब्दाच्या पोटात. मग 'बोलणे' या अर्थाचे पहिलेच क्रियापद समोर येते, त्याच्या शेवटी 'आर' असतो, आणि त्याचा उच्चार होतो 'पार्ले'. किल्ली पहिल्याच कुलपात मोडते. मुलाला सांगितले जाते, हा अपवाद, पाठ कर.

मुळात 'मूक अक्षर' ही कल्पनाच मुलाची दिशाभूल करते. ती अक्षरे मेलेली नसतात, दडलेली असतात. 'लहान' या अर्थाचे फ्रेंच विशेषण पुल्लिंगात 'पती' असे ऐकू येते, स्त्रीलिंगात 'पतीत'. 'मोठा' म्हणजे 'ग्राँ', 'मोठी' म्हणजे 'ग्राँद'. पुल्लिंगात लिहिलेला आणि न बोललेला शेवटचा वर्ण स्त्रीलिंगात कानावर येतो. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तरीही तो जागा होतो: 'आमी' म्हणजे मित्र, 'ग्राँ' आणि 'आमी' मिळून 'ग्राँतामी'. येथे 'द'चा 'त' झाला. संस्कृतात 'तत्' आणि 'अपि' मिळून 'तदपि' होते, तेथे 'त'चा 'द' होतो. दिशा उलट, पण तत्त्व संधीचेच. मराठी शाळेत आठवी-नववीत संधीचे नियम घोकलेल्या कोणालाही हे पाच मिनिटांत समजावे. भिवंडीच्या मुलाला तर आणखी जवळचे उदाहरण आहे. मागावर ताण्याचा धागा काही ठिकाणी बाण्याखाली जातो, दिसत नाही. पुढच्या फेऱ्यात पुन्हा वर येतो. तो तुटला असे कोणी कारागीर म्हणत नाही. फ्रेंच शब्दाच्या शेवटचे अक्षर असेच खाली गेलेले असते, आणि केव्हा वर येईल याची नक्षी ठरलेली असते. ही नक्षी दाखवणे म्हणजे स्पेलिंग शिकवणे.

उर्दू वाचणाऱ्या मुलाला तर न बोलणारे अक्षर नवे नाहीच. 'ख़्वाब' लिहिताना त्यात 'वाव' असतो, बोलताना नसतो. 'बिलकुल'मध्ये लिहिलेला अलिफ बोलला जात नाही. आणि आम्हां मराठीवाल्यांचे काय? 'मराठी जशी बोलतो तशी लिहितो' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की ते खोटे आहे याचाच विसर पडतो. 'थोडेसे' या अर्थाचा 'जरा' आणि 'म्हातारपण' या अर्थाची 'जरा' एकाच अक्षराने लिहितो आणि दोन प्रकारे बोलतो. 'ष' आणि 'श' वेगळे लिहितो, एकसारखे बोलतो. 1962 च्या शुद्धलेखन-नियमांपर्यंत तर आपण 'केलें', 'घरांत', 'नांव' असे अनुच्चारित अनुस्वार गावभर देत होतो. तो अनुस्वार बोलला जात नसे, पण नपुंसकलिंग, सप्तमी अशा गोष्टी सांगत असे. म्हणजे फ्रेंचच्या दडलेल्या अक्षरासारखेच त्याचे काम होते. आपण तो काढला. फ्रान्समध्ये 1990 साली तसाच प्रयत्न झाला, 'आय' आणि 'यू' यांवरचे टोपीसारखे चिन्ह बहुतेक शब्दांत ऐच्छिक ठरवले गेले, आणि 2016 मध्ये पाठ्यपुस्तकांत ते अमलात येणार म्हटल्यावर देशभर गदारोळ उठला. ती टोपी पुष्कळदा पूर्वी असलेल्या आणि पुढे गळलेल्या 'एस'ची खूण असते. फ्रेंच 'ओपिताल'मधल्या 'ओ'वर ती आहे. तो गळलेला 'स' आपल्या 'इस्पितळा'त अजून नांदतो. लेखन म्हणजे भाषेची स्मृती असते, हे मुलाला शिकवायचे तर याहून सुंदर जोडी कोणती? पण वर्गात ती टोपी न काढल्याबद्दल अर्धा गुण कापला जातो, आणि विषय संपतो.

आणखी एक मुद्दा, अध्यापनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. फ्रेंच वाचणे बरेच नियमबद्ध आहे. अवघड आहे ते ऐकून लिहिणे. 'ई', 'ए', 'यू' ही तीन अक्षरे ओळीने दिसली की त्यांचा उच्चार 'ओ'. पाण्यासाठीचा शब्द नुसता तोच. टोपी म्हणजे 'शापो', होडी म्हणजे 'बातो', आणि केक म्हणजे 'गातो'. तिघांच्याही शेवटी तीच त्रिमूर्ती. (केक गातो, हे ऐकून हसलेले मूल ते स्पेलिंग जन्मात विसरणार नाही.) पण उलट दिशेने, 'ओ' ऐकून काय लिहायचे, याची चार उत्तरे संभवतात. 'व्हेर' ऐकले तर तो हिरवा रंग, काचेचा पेला, किडा की 'कडे' हे अव्यय? चौघांची स्पेलिंगे चार. म्हणून शहाणा शिक्षक आधी कान तयार करतो, मग कुळाकुळाने वाचन शिकवतो, आणि श्रुतलेखनाकडे सर्वांत शेवटी येतो. आपल्याकडे क्रम नेमका उलटा. पहिल्या आठवड्यात स्पेलिंग, दुसऱ्यात श्रुतलेखन, आणि उच्चार तिसऱ्या रकान्यात.

असे का होते? कारण फ्रेंच आपल्याकडे भाषा म्हणून शिकवलीच जात नाही. ती गुण म्हणून शिकवली जाते. मुंबई-ठाणे पट्ट्यात अकरावी-बारावीला मराठी किंवा हिंदीऐवजी फ्रेंच घेणारे विद्यार्थी वर्षानुवर्षे आहेत. कारण विचारले तर मोलिएर किंवा फ्लोबेर यांचे नाव कोणी घेत नाही, 'स्कोरिंग' हा शब्द ऐकू येतो. कागदावर गुण मिळतात म्हणून कागदापुरती भाषा. त्याचे लोण आता खाली, लहान वर्गांपर्यंत आले आहे, आणि शाळेच्या माहितीपत्रकावर फ्रेंच हा शब्द पोहण्याच्या तलावाशेजारी छापला जातो.

आणि जे भाषेसाठी भांडतात तेही या प्रश्नाकडे पाहत नाहीत. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक टप्प्यावर द्यायच्या परदेशी भाषांत फ्रेंचचे नाव घेतले. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलला गेला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. त्या अडीच महिन्यांत महाराष्ट्रात भाषेवर जितके बोलले गेले तितके क्वचितच बोलले गेले असेल. ते आंदोलन आम्हांला आवश्यक वाटले. पण त्या सगळ्या गदारोळात 'कोणती भाषा' आणि 'कितवीपासून' एवढेच प्रश्न होते. 'कशी' हा प्रश्न कोणी विचारला नाही. वाईट रीतीने शिकवलेली मराठीही मुलाच्या डोक्यावर तांबडी रेघच ओढते, हे आपण कबूल करणार की नाही?

आमच्या म्हणण्यावर व्यावहारिक आक्षेप घेतला जाईल. वर्गात पाच भाषांची मुले. शिक्षकाला त्या पाचही याव्यात काय? नको. शिक्षकाला मुलांना विचारता आले पाहिजे, एवढेच. 'हा आवाज तुमच्या घरी कोणत्या शब्दात ऐकू येतो?' या एका प्रश्नाला पाच भाषा याव्या लागत नाहीत, कुतूहल लागते. दुसरा आक्षेप असा, की देवनागरी किंवा उर्दू अक्षरांत उच्चार लिहिला तर मूल त्या कुबडीवरच चालत राहील. आक्षेप खरा आहे. पण इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून देताना तो कोणाला सुचत नाही. कुबडी द्यायचीच तर पायाच्या मापाची द्यावी आणि वेळेवर काढून घ्यावी.

लहान मुलाच्या परिसरातून शिक्षण उभे करण्याचा विचार आपल्याकडे आयात करण्याची गरज नाही. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला 1945 मध्ये आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, दगड-बिया यांवर बालवाडी चालवली आणि आदिवासी मुलांकडे जे होते त्यापासून सुरुवात केली. मुलांच्या हाताशी असलेल्या शिंपल्याला जो मान त्यांनी दिला, तोच मुलांच्या तोंडी असलेल्या ध्वनीला द्यावा, एवढीच आमची मागणी आहे. पहिल्या सत्रात पुस्तक नको. केवळ ऐकणे आणि बोलणे. ध्वनी घरच्या शब्दांवरून ओळखून घ्यावेत आणि जो घरी नाही तो जीभ-ओठांच्या खेळाने मिळवावा. दुसऱ्या सत्रात अक्षरांची कुळे, वाचनासाठी. दडलेली अक्षरे लिंग आणि संधी यांच्यासोबत. श्रुतलेखन दुसऱ्या वर्षी. आणि परीक्षेतले काही गुण तरी तोंडाचे असावेत, हे सांगण्याचीही वेळ यावी ही शोकांतिका आहे.

मोलिएरच्या कंजुषाला आचार्य अत्र्यांनी 'कवडीचुंबक' करून मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हा आपली भाषा मध्ये येते म्हणून ती कोणी खोडली नव्हती. उलट त्या नाटकाचा जीव तिच्यातच होता. अत्रे नाटक आणत होते, ही मुलगी एक शब्द आणत होती. वाट मात्र एकच होती, आपल्या भाषेतून. त्या मुलीची वही आम्ही परत केली तेव्हा पुढची पाने चाळून पाहिली. समासात उर्दू अक्षरे पुन्हा कुठेही नव्हती. तिसरा रकाना मात्र प्रत्येक पानावर भरलेला होता, वळणदार अक्षरांत, आणि त्याखाली बाईंची बरोबरची खूण होती.